१४ वी भारतीय पायदळ डिव्हिजन

१४ वी भारतीय पायदळ डिव्हिजन ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश भारतीय सैन्याची एक डिव्हिजन होती. तिची उभारणी १९४१ साली क्वेट्टा येथे झाली. १९४२-४३ च्या पहिल्या अराकान मोहिमेत ती ब्रह्मदेशाच्या (आताचा म्यानमार) किनारपट्टीवर लढली व पराभूत होऊन मागे आली. त्यानंतर जून १९४३ मध्ये झालेल्या निर्णयानुसार तिचे रूपांतर प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये करण्यात आले आणि मध्य प्रांतातील छिंदवाडा हे तिचे ठाणे झाले. युद्ध संपेपर्यंत ती पुन्हा आघाडीवर गेली नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर पाठवायच्या नव्या जवानांना जंगलयुद्धाचे शिक्षण देणे हेच तिचे काम राहिले. सहारनपूर येथील ३९ वी भारतीय डिव्हिजन ही याच कामासाठी नेमलेली दुसरी डिव्हिजन होती.

युद्धकाळात हजारो सैनिकांची एक पूर्ण रचना लढाईतून काढून शिकवण्याच्या कामाला लावणे हा निर्णय सहज घेण्याजोगा नव्हता. तो का घेतला गेला, प्रत्यक्षात कसा राबवला गेला आणि त्याचे मोल कसे ठरवावे, यांचा विचार या लेखात केला आहे.

पार्श्वभूमी : सैन्याचा विस्तार

१९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा भारतीय सैन्याची संख्या सुमारे २ लाख होती. १९४५ पर्यंत ती सुमारे २५ लाखांवर गेली. हे सैन्य सक्तीच्या भरतीचे नव्हते. जवान स्वेच्छेने दाखल होत. या स्वेच्छेमागे घराण्याची लष्करी परंपरा होती, तशीच शेतीची ओढाताण आणि दरमहा मिळणाऱ्या नियमित पगाराची गरजही होती.

एवढा विस्तार थोड्या वर्षांत करताना अनुभवी माणसांची टंचाई पडणे अटळ होते. नवी बटालियन उभी करायची म्हणजे जुन्या बटालियनमधून काही सुभेदार, जमादार, हवालदार, नाईक आणि अधिकारी काढून घ्यायचे व त्यांच्याभोवती नवे रंगरूट गोळा करायचे, अशी रीत होती. इंग्रज अधिकारी या रीतीला गाईचे दूध काढण्याची उपमा देत. एकदा दोनदा असे केल्याने जुन्या बटालियनचे फारसे बिघडत नसे. परंतु वर्षभरात तीच बटालियन तीन-चार वेळा पिळली गेली, की तिच्यात ज्याला काही ठाऊक आहे असा माणूस शोधावा लागे.

दुसरी अडचण गुणवत्तेची होती. शिकलेले, चपळ तरुण तोफखाना, सिग्नल, इंजिनिअर आणि यांत्रिक दलांकडे वळवले जात, कारण त्या दलांना वाचता-लिहिता येणारी माणसे हवी असत. उरलेले पायदळाच्या वाट्याला येत. पायदळाला बुद्धीची फारशी आवश्यकता नाही, हा समज तेव्हा सर्वदूर होता. जंगलातील लढाईने तो खोटा ठरवला.

तिसरी अडचण शिक्षणाच्या रोखाची होती. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत भारतीय सैन्याचे लक्ष उत्तर आफ्रिका, इराक आणि इराण यांच्याकडे होते. त्यामुळे मोकळे मैदान, वाळवंट, मोटारगाड्या आणि लांब पल्ल्याचा मारा हे शिक्षणाचे विषय होते. वायव्य सरहद्दीवरील डोंगरी चकमकींचा अनुभव जुन्या लोकांच्या गाठीशी होता. दाट अरण्यातील युद्धाचा जवळजवळ कोणालाच नव्हता. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने मलायावर चढाई केली, फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि मे १९४२ पर्यंत ब्रह्मदेशही हातचा गेला. भारताची पूर्व सीमा ही एकाएकी युद्धाची आघाडी बनली.

पहिली अराकान मोहीम

१९४२ मध्ये १४ वी डिव्हिजन पूर्व बंगालकडे हलवण्यात आली. त्या वेळचे भारताचे सरसेनापती आर्चिबाल्ड वेव्हेल यांना अराकान किनाऱ्यावरील अक्याब (सित्वे) बेट व तेथील विमानतळ हवे होते. समुद्रमार्गे थेट अक्याबवर उतरण्याची मूळ योजना नौकांच्या अभावी सोडून द्यावी लागली आणि मायू द्वीपकल्पातून जमिनीवरून पुढे सरकण्याचे ठरले. या आगेकूचीची जबाबदारी मेजर जनरल विल्फ्रिड लॉइड यांच्या नेतृत्वाखालील १४ व्या डिव्हिजनवर आली.

मायू द्वीपकल्प म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मायू नदी आणि मधोमध दाट झाडीने झाकलेली अरुंद डोंगररांग. गाडीरस्ते नाममात्र होते. डिसेंबर १९४२ मध्ये सुरू झालेली आगेकूच आरंभी निर्विघ्न झाली आणि वर्षअखेरीस पुढच्या तुकड्या द्वीपकल्पाच्या टोकाजवळ पोहोचल्या. समुद्रकाठच्या डॉनबाइक या ठिकाणी मात्र त्या अडल्या. जपान्यांनी तेथे लाकडी ओंडके आणि माती यांचे बुटके, मजबूत बंकर बांधले होते. झाडोऱ्यात ते काही पावलांवरूनही दिसत नसत. एका बंकरवर हल्ला करणाऱ्यांवर शेजारच्या दोन बंकरमधून मारा होईल, अशी त्यांची मांडणी होती.

जानेवारी ते मार्च १९४३ या काळात डॉनबाइकवर वारंवार हल्ले झाले. थोडे रणगाडेही वापरून पाहण्यात आले. एकही हल्ला यशस्वी झाला नाही. ८ व्या पंजाब रेजिमेंटचे हवालदार प्रकाश सिंग यांनी जानेवारीत येथेच शत्रूच्या माऱ्यातून आपल्या साथीदारांना वाचवले. त्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. वैयक्तिक शौर्याची उणीव नव्हती हे यावरून दिसते. उणीव होती ती बंकरची साखळी कशी फोडायची याच्या ज्ञानाची. त्याच पद्धतीने, त्याच ठिकाणी, तसाच हल्ला पुन्हा करण्यापलीकडे फारसा उपाय सापडला नाही.

मार्चपासून जपान्यांनी प्रतिहल्ला केला. ज्या डोंगररांगेतून सैन्य नेता येणार नाही असे इंग्रज सेनापती धरून चालले होते, त्याच रांगेतून जपानी तुकड्या पार झाल्या आणि पिछाडीला जाऊन त्यांनी रस्ते रोखले. एव्हाना एकट्या १४ व्या डिव्हिजनच्या मुख्यालयाखाली नऊ ब्रिगेड आल्या होत्या. साधारणपणे एक डिव्हिजन तीन ब्रिगेडची असते. इतका भार एका मुख्यालयाला पेलणे शक्य नव्हते. लॉइड यांना पदावरून दूर करण्यात आले आणि सिरिल लोमॅक्स यांनी सूत्रे घेतली. मे महिन्यात माउंगडॉही सोडून द्यावे लागले आणि मोहीम जेथून सुरू झाली होती, जवळजवळ तेथेच येऊन संपली. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे ५,००० माणसे कामी आली. हिवतापाने निकामी झालेल्यांची संख्या याहून मोठी होती.

या पराभवाचा सर्वांत मोठा आघात मनोबलावर झाला. जपानी सैनिक जंगलात जन्मतःच तरबेज असतो, त्याच्याशी तेथे लढता येत नाही, अशी समजूत पसरली. जपानी शिपाईही मुख्यतः शेतकरी कुटुंबांतून व शहरांतून आलेला होता आणि त्यालाही जंगल नवेच होते. तो शिकून आला होता एवढाच फरक होता. परंतु धास्तावलेल्या रंगरुटाला हे सांगून पटण्यासारखे नव्हते. ते त्याला अनुभवाने कळणे आवश्यक होते.

पायदळ समिती आणि डिव्हिजनचे रूपांतर

जून १९४३ मध्ये दिल्ली येथे पायदळाच्या स्थितीचा विचार करण्यासाठी एक समिती बसली. तिच्या शिफारशींचा आशय असा होता : पायदळाकडे चांगल्या प्रतीचे रंगरूट वळवावेत, पायदळाच्या जवानाचा पगार वाढवावा, जुन्या बटालियनमधून अनुभवी माणसे काढून घेण्याची रीत थांबवावी, मूलभूत शिक्षणाचा काळ वाढवावा, आणि त्यानंतर कोणत्याही जवानाला थेट आघाडीवर न पाठवता आधी जंगलयुद्धाचे स्वतंत्र शिक्षण द्यावे. या शेवटच्या कामासाठी दोन डिव्हिजन पूर्णपणे बाजूला काढाव्यात, असे ठरले.

त्याच महिन्यात क्लॉड ऑकिन्लेक सरसेनापती झाले. भारतीय सैन्यातच उभी हयात घालवलेल्या या सेनापतीने शिफारशी तातडीने अंमलात आणल्या. १४ वी आणि ३९ वी या दोन डिव्हिजनची निवड झाली. दोन्ही डिव्हिजनच्या पाठीशी पराभव होता : १४ वी अराकानातून परतली होती, तर ३९ वी म्हणजे १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेतलेल्या १ ल्या बर्मा डिव्हिजनचे नवे नाव होते.

रूपांतर होताना डिव्हिजनचा क्रमांक व मुख्यालय कायम राहिले, मात्र आतील घटक बदलले. अराकानात तिच्याखाली लढलेल्या ब्रिगेड इतर डिव्हिजनकडे गेल्या. उदाहरणार्थ, १२३ वी ब्रिगेड ५ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये दाखल झाली. त्यांच्या जागी निरनिराळ्या पायदळ रेजिमेंटच्या प्रशिक्षण बटालियन आल्या. मेजर जनरल आल्फ्रेड कर्टिस हे प्रशिक्षणाच्या काळात डिव्हिजनचे प्रमुख होते.

छिंदवाडा

छिंदवाडा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे. हा जिल्हा नागपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पठारावर वसला आहे. २०२३ पर्यंत त्याच्या दक्षिणेस मोडणारा सौंसर-पांढुर्णा हा भाग मराठीभाषक आहे. नागपूर-छिंदवाडा ही अरुंदमापी रेल्वे त्या काळी चालू होती. आघाडीपासून दूर, हवाई हल्ल्याच्या भीतीपासून मुक्त आणि तरीही रेल्वेने जोडलेला असा हा मुलूख होता.

भूप्रदेश ही निवडीची खरी कसोटी होती. सातपुड्यात साग आणि बांबू यांची वने आहेत, खोल घळी व नाले आहेत आणि पावसाळ्यात वाटा चिखलात बुडून जातात. अराकानाचे सदाहरित अरण्य याहून अधिक दाट व दमट असते हे खरे. परंतु झाडीत दिशा चुकणे, चार पावलांपलीकडचे न दिसणे, रात्रीच्या आवाजांनी बिचकणे, ओल्या कपड्यांत दिवस काढणे या गोष्टी शिकण्यास सातपुडा पुरेसा होता. उत्तरेकडे सहारनपूरजवळच्या शिवालिक पायथ्याच्या जंगलांनी हेच काम ३९ व्या डिव्हिजनसाठी केले.

प्रशिक्षणाचा क्रम

नव्या पद्धतीत जवान दोन टप्प्यांतून जाई. पहिला टप्पा त्याच्या रेजिमेंटच्या केंद्रात सुमारे नऊ महिन्यांचा असे. कवायत, शस्त्रांची ओळख, नेमबाजी, शारीरिक शिक्षण आणि सैन्यात व्यवहाराची भाषा असलेली रोमन लिपीतील उर्दू हे त्यातील विषय होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे असे केंद्र बेळगावला होते. सातारा, रत्नागिरी वा कोल्हापूरकडच्या तरुणाला बंदुकीबरोबरच ही नवी भाषा आणि नवी लिपीही तेथे शिकावी लागे.

दुसरा टप्पा प्रशिक्षण डिव्हिजनमध्ये दोन महिन्यांचा असे. त्यातील पहिला महिना तळावर जाई. व्यक्तिगत कौशल्ये आणि सेक्शन व प्लॅटून या लहान तुकड्यांचे डावपेच यांवर त्यात भर असे. दुसऱ्या महिन्यात तुकड्या जंगलात मुक्कामाला जात. तेथे पक्क्या इमारती, खाटा किंवा कँटीन नसे. स्वयंपाक, पहारा, झोप आणि सराव सारे झाडीतच चाले. या महिन्याचा हेतू केवळ डावपेच शिकवणे हा नव्हता. रात्र जंगलात काढता येते, पाऊस अंगावर घेता येतो आणि तरीही सकाळी माणूस उभा राहतो, हे जवानाला स्वतःला उमगावे हा त्याचा अर्धा भाग होता.

सप्टेंबर १९४३ मध्ये भारतीय सैन्याने जंगलयुद्धावरील आपल्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढली. ती 'जंगल बुक' या नावाने ओळखली जाई. मलाया, ब्रह्मदेश आणि अराकान येथील पराभवांतून निघालेले धडे तिच्यात सोप्या रीतीने मांडले होते. प्रशिक्षणातील प्रमुख विषय पुढीलप्रमाणे होते.

वावर आणि गस्त : जंगलात आवाज न करता चालणे, होकायंत्राने दिशा राखणे, माग काढणे आणि स्वतःचा माग लपवणे. गस्त ही जंगलयुद्धातील नजर मानली जाई. जी बाजू गस्त घालणे सोडते ती आंधळी होते, हा अराकानचा धडा होता.

जवळची नेमबाजी : झाडीत लक्ष्य क्षणभर आणि अगदी जवळ दिसते. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना लपवलेली लक्ष्ये अचानक उभी केली जात आणि चालणाऱ्या जवानाला त्यांवर तत्काळ गोळी झाडावी लागे.

माऱ्याची शिस्त : जपानी तुकड्या रात्री आरडाओरडा करून, फटाके वाजवून समोरच्याला गोळीबार करण्यास उद्युक्त करीत. गोळीबार झाला की त्यांना मशीनगनच्या जागा कळत आणि घाबरलेल्या तुकडीचा दारूगोळा संपे. शत्रू दिसल्याशिवाय बंदूक न चालवणे, रात्रभर खंदकात निश्चल बसणे हे शिकवणे सर्वांत अवघड होते.

चौफेर संरक्षण : पिछाडीला शत्रू आला की माघार घ्यायची, या सवयीने अराकान मोहीम बुडवली होती. आता प्रत्येक ठाणे चारही बाजूंनी लढेल असे बांधायचे, वेढा पडला तरी जागा सोडायची नाही आणि वेढणाऱ्यालाच वेढलेला समजायचे, असा पाठ दिला जाई. स्वयंपाकी, कारकून, खेचरवाले यांनाही हत्यार चालवता आले पाहिजे, हा त्याचाच भाग होता.

बंकरवरील हल्ला : समोरून लाटेमागून लाट पाठवण्याऐवजी शेजारच्या बंकरचा मारा आधी बंद पाडणे, लहान गटांनी बाजूने सरकणे आणि रणगाडा, तोफा व पायदळ यांची वेळ जुळवणे, हा डॉनबाइकच्या अपयशातून निघालेला पाठ होता.

आरोग्याची शिस्त : हिवताप हा शत्रूइतकाच घातक होता. ब्रह्मदेशातील १४ व्या आर्मीचे सेनापती विल्यम स्लिम यांनी नोंदवल्याप्रमाणे १९४३ साली जखमी म्हणून मागे पाठवलेल्या दर एका माणसामागे १२० माणसे आजारी म्हणून मागे जात होती. जावा बेट जपान्यांच्या हाती गेल्याने क्विनाइन दुर्मिळ झाले होते. त्याच्या जागी मेपाक्रिन हे औषध आले. ते रोज न चुकता घेणे, सूर्यास्तापूर्वी बाह्या खाली करणे, मच्छरदाणी वापरणे आणि पाणी शुद्ध करून पिणे या गोष्टी लष्करी आज्ञा मानल्या गेल्या. आजारी पडणे हे दैव नसून बहुधा शिस्तीतील चूक आहे, हा दृष्टिकोन जवानात आणि त्याहूनही अधिक अधिकाऱ्यांत रुजवावा लागला.

अधिकारी आणि हवालदार-नाईक यांचेही शिक्षण त्याच वेळी होत असे. झाडीत कंपनी कमांडरला आपली सारी माणसे कधीच दिसत नाहीत. त्यामुळे दहा माणसांच्या सेक्शनचा नाईक हाच तेथे खरा सेनानी ठरतो. त्याला आज्ञा पाळण्याबरोबर निर्णय घेणेही शिकवणे, हा जुन्या परंपरेतील सैन्याला नवा विचार होता.

परिणाम

१९४४ च्या आरंभापासून या पद्धतीची फळे दिसू लागली. फेब्रुवारी १९४४ मध्ये जपान्यांनी अराकानात वर्षभरापूर्वीचाच डाव पुन्हा टाकला : झाडीतून वळसा घालून पिछाडी गाठली. या वेळी ७ वी भारतीय डिव्हिजन मागे हटली नाही. विमानांतून टाकलेल्या रसदेवर ठाण्यातील सैनिकांनी 'अ‍ॅडमिन बॉक्स' लढवला आणि जपानी तुकड्याच उपाशी पडून परतल्या. मार्च ते जुलै १९४४ मधील इंफाळ-कोहिमाच्या लढायांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. १९४५ मध्ये मिक्टिला, मंडाले आणि रंगून पुन्हा घेण्यात आले.

आघाडीवरच्या अनेक डिव्हिजननी स्वतःचे प्रशिक्षण स्वतःच केले होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. प्रशिक्षण डिव्हिजनचे योगदान वेगळे होते. दीर्घ लढाईत बटालियनची माणसे दररोज कमी होतात. त्यांच्या जागी येणारे नवे जवान अर्धशिक्षित असतील, तर उत्तम बटालियनही काही आठवड्यांत कच्च्या माणसांची होऊन जाते. १९४३ मध्ये नेमके हेच घडले होते. १९४४-४५ मध्ये मात्र बदली म्हणून येणारा जवान मच्छरदाणी, खंदक, गस्त आणि रात्र यांना सरावलेला असे. आघाडीवरील नाईकाला त्याला पहिल्यापासून सारे शिकवावे लागत नसे आणि शिकण्याची किंमत पहिल्याच चकमकीत जिवाने मोजण्याचे प्रसंग कमी झाले.

ही व्यवस्था ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी होती. भारतीय सैन्य त्याच काळात इटलीतही लढत होते. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघेही इटलीच्या आघाडीवरचे होते. याच रेजिमेंटची ४ थी बटालियन मात्र मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकच्या लढाईत होती. एकाच रेजिमेंटचे जवान कोठे जाणार यावर त्यांच्या शिक्षणाचे स्वरूप अवलंबून असे.

इतर देशांतील व्यवस्था

प्रशिक्षणासाठी संपूर्ण डिव्हिजन वापरण्याची कल्पना केवळ भारतात नव्हती. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९४२ पासून काही डिव्हिजन 'राखीव' म्हणून याच कामाला लावण्यात आल्या. ७६ वी आणि ७७ वी ही त्यांतील दोन नावे. तेथे मूलभूत शिक्षण संपलेल्या सैनिकाला आणखी सुमारे पाच आठवडे तुकडीतील डावपेचांचे शिक्षण देऊन परदेशी पाठवले जाई. जर्मनीने व्याप्त सोव्हिएत प्रदेशात क्षेत्र-प्रशिक्षण डिव्हिजन ठेवल्या. त्यांतील रंगरूट शिकता शिकताच पिछाडीच्या बंदोबस्तासाठी व गनिमी पथकांविरुद्ध वापरले जात आणि प्रसंगी आघाडीवरही ढकलले जात. छिंदवाड्याच्या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे, की ती एका विशिष्ट भूप्रदेशासाठी व एका विशिष्ट शत्रूसाठी आखलेली होती आणि तिचे रंगरूट शिक्षण पुरे होईपर्यंत लढाईपासून दूर राहिले.

लेखनाचे परीक्षण

प्रशिक्षण डिव्हिजनवरील ऐतिहासिक लेखन तपासताना परीक्षकाला नेहमीच्या लष्करी इतिहासाहून निराळ्या अडचणी येतात. १४ वी डिव्हिजन हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

पहिली अडचण नावांची. १४ वी डिव्हिजन आणि १४ वी आर्मी या दोन भिन्न रचना आहेत. आर्मी ही अनेक डिव्हिजनची मिळून होते आणि स्लिम यांची १४ वी आर्मी १९४३ च्या उत्तरार्धात, म्हणजे ही डिव्हिजन छिंदवाड्याच्या कामाला लागल्यानंतर उभी राहिली. एकीचे श्रेय किंवा अपयश दुसरीच्या नावावर जाणे ही सहज होणारी चूक आहे.

दुसरी अडचण 'डिव्हिजन' या शब्दाची. लढणारी डिव्हिजन म्हटली की तीन ब्रिगेड, तोफखाना आणि ठरावीक मनुष्यबळ डोळ्यांपुढे येते. प्रशिक्षण डिव्हिजनमधील माणसे दर दोन महिन्यांनी बदलत. त्यामुळे तिच्याखालील घटकांची यादी दिली, तरी त्या यादीने तिच्या कामाचे चित्र उभे राहत नाही. कोण शिकवत होते, काय शिकवले जात होते आणि शिकलेली माणसे कोठे गेली, ही माहिती अशा लेखात अधिक महत्त्वाची ठरते.

तिसरी अडचण कार्यकारणाची. १९४३ च्या पराभवानंतर प्रशिक्षण सुधारले आणि १९४४ मध्ये विजय मिळाला; म्हणून विजय प्रशिक्षणामुळेच मिळाला, असा सरळ निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु याच काळात हवाई वर्चस्व मित्रराष्ट्रांकडे आले, विमानाने रसद पोहोचवणे शक्य झाले, वैद्यकीय व्यवस्था सुधारली, रणगाडे व तोफा वाढल्या आणि जपानची पुरवठा व्यवस्था ढासळली. प्रशिक्षण हे या अनेक कारणांपैकी एक महत्त्वाचे कारण होते, इतकेच पुराव्याच्या आधारे म्हणता येते. तथापि, विमानातून उतरणारी रसद वेढ्यात टिकून राहणाऱ्या माणसांनाच उपयोगी पडते, हेही विसरता येत नाही.

चौथी अडचण साधनांची. उपलब्ध बहुतेक लेखन समित्यांचे अहवाल, पुस्तिका आणि इंग्रज सेनापतींच्या आठवणी या स्वरूपाचे आहे. रंगरुटांपैकी अनेकांना लिहिता येत नसे. त्यांची पत्रे दुसरे कोणी लिहून देई आणि ती सेन्सॉरच्या हाताखालून जात. त्यामुळे काय शिकवले गेले हे तपशिलाने कळते, ते शिकणाऱ्याला कसे वाटले हे फार थोडे कळते. लेख तपासणाऱ्याने हा असमतोल ओळखणे आवश्यक असते. 'जवानांचे मनोबल उंचावले' हे वाक्य अधिकाऱ्याच्या अहवालातील आहे की जवानाच्या शब्दांतील, याने त्याचा अर्थ बदलतो.

मूल्यमापन

युद्धाचा इतिहास लढायांच्या नावांनी लक्षात राहतो. इंफाळ आणि कोहिमा ही नावे स्मारकांवर कोरली गेली. छिंदवाडा हे नाव कोणत्याही युद्धसन्मानात नाही, कारण तेथे लढाई झालीच नाही. १४ व्या डिव्हिजनचे एकमेव रणांगण अराकान होते आणि तेथे ती हरली. लढाऊ कामगिरीच्या निकषावर तपासल्यास तिची नोंद अपयशाची ठरते.

दुसरा निकष असा असू शकतो : शस्त्र हाती देऊन परमुलखात पाठवल्या जाणाऱ्या माणसाला पुरते शिकवून पाठवणे हे ज्या सैन्याने त्याला बोलावले त्याचे किमान कर्तव्य आहे. डॉनबाइकसमोर पडलेल्या अनेकांच्या बाबतीत हे कर्तव्य पार पडले नव्हते. जून १९४३ च्या निर्णयाने ही चूक मान्य केली आणि एक संपूर्ण डिव्हिजन तिच्या दुरुस्तीसाठी खर्ची घातली. तेथून पुढे गेलेल्या जवानांपैकी किती जण त्या दोन महिन्यांमुळे घरी परतले, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात होऊ शकत नाही. १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर या प्रशिक्षणाचे प्रयोजन संपले.